अर्ध्या बाह्यांचे स्वेटर

माझे वडील मिठागरावर कामाला होते. घराण्यात पहिला बी. ए. मी झालो, तो एका निवृत्त जनरलसाहेबांमुळे. शिरढोणच्या रस्त्याला त्यांचा बंगला होता. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांचीच पुस्तके वाचली आणि त्यांच्याच चिठ्ठीवर पनवेलच्या शाळेत मास्तर झालो. एवढे सांगताना बरे वाटते. पुढचे सांगताना वाटत नाही.

साहेब इंग्रजांच्या अमदानीत फौजेत गेले, ब्रह्मदेशात लढले, चढत चढत जनरल झाले. पुढे हिमालयात फार उंचावर चौक्या बसवायचे ठरले, तेव्हा त्यांनी लेखी कळवले की तिथे रस्ता नाही, गरम कपडे नाहीत, माणसे टिकणार नाहीत. वरच्यांना ते रुचले नाही. मुदतीआधीच ते घरी आले.

बासष्ट साली चीनशी युद्ध पेटले आणि गावाने ही गोष्ट उकरून काढली. शिक्षकांच्या खोलीत ड्रॉइंगचे मास्तर मला म्हणाले, "काय हो, तुमचे जनरल रजई घेऊन बसले असतील ना आता?" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात शाळेतल्या मुली जवानांसाठी स्वेटर विणणार असे ठरले. साहेबांनी मला बोलावून घेतले.

"मास्तर, मुलींना सांग, लोकर जाड घ्या आणि बाह्या मनगटापर्यंत विणा. आपल्याकडची थंडी सकाळचे दोन तास. तिथे बोटं झडतात."

"सांगतो, साहेब."

दुसऱ्या दिवशी विणकामाच्या बाईंनी नमुना दाखवला. अर्ध्या बाह्यांचा, गळ्याशी नाजूक नक्षी. पनवेलच्या थंडीला तेवढा पुरतो. ड्रॉइंगचे मास्तर शेजारीच उभे होते. साहेबांचे नाव काढले असते तर पुन्हा हसे झाले असते. नाव न काढताही सांगता आले असते, पण मी म्हणालो, "छान झालाय, बाई."

सगळे स्वेटर तसेच विणले गेले. पेटाऱ्याला हार घालून आम्ही ते पाठवले.

लढाई थांबल्यावर साहेब बाजारात भेटले. थंडीने जवान गेल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि गावाला त्यांचे म्हणणे आता पटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्याचे समाधान नव्हते.

"बाह्यांचं सांगितलंस ना?"

"हो, साहेब."

"मग एक तरी गोष्ट ऐकली म्हणायची कुणी."

मी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी घेतली आणि बंगल्यापर्यंत पोचवली. वाटेत ते माझ्या नोकरीची चौकशी करत होते.