खोकल्याची खूण

माझी धाकटी जाऊ मातीची भांडी करते. साधीसुधी नव्हेत, धातूसारखी झळाळणारी. भाजून झिलई चढवलेल्या भांड्यावर तांब्याचा लेप रंगवायचा, ते पुन्हा भट्टीत घालायचं आणि शेवटी आत धूर कोंडायचा. धूर कमी पडला तर भांडं फिकं, जास्त झाला तर करपलंच. ती मधली वेळ साधण्यात हिची हयात गेली. दीर गेले तेव्हा जो तो भट्टी विकायचा सल्ला द्यायला आला. हिने कुणाला भीक घातली नाही.

पण हिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ठाऊक फक्त मला. डोळ्यांचं काही निघालं तर भट्टी बंद आणि तू माझ्याकडे, असं लेकाने तिला ठणकावून ठेवलेलं. म्हणून आम्ही खूण ठरवली. भांड्यांसोबत भट्टीत ठेवलेली नमुन्याची मातीची कडी भोकातून सळईने काढून, पुसून ती चिमट्यात धरणार; रंग लाल उतरला असला, म्हणजे धूर पुरे झाला, तर मी खोकायचं.

त्या दिवशी नेमका लेक टपकला. आईचं काहीतरी बिनसलंय हा वास त्याला आलाच होता. भट्टीजवळ हाताची घडी घालून उभा राहिला, हलायचं नाव नाही. पहिली कडी फिकी निघाली, मी गप्प. दुसरीही फिकीच. तेवढ्यात धुराचा ठसका लागून लेक खोकला.

हिने कडी टाकली आणि धूर बंद करायला हात घातला. महिनोन्‌महिन्यांचं काम ते! आणि माझ्या जिभेला मेलं हाड कुठाय?

"थांब, तो खोकला माझा नव्हता," मी ओरडले. "कडी फिकीच आहे अजून."

हिचा हात जागच्या जागी थांबला. लेकाने खाली पडलेली कडी निवल्यावर उचलली, आईच्या डोळ्यांसमोर धरली आणि रंग विचारला. ती नुसती बोटांनी कडी चाचपत राहिली.

भट्टी मात्र आम्ही पुरी केली. तिसरी कडी लाल निघाली, ते मी उघडच सांगितलं. आता चोरी कसली? दुसऱ्या दिवशी भांडी बाहेर आली ती अशी, की बघत राहावं. लेकानेही एक उचलून बराच वेळ उजेडात फिरवलं. मग आत जाऊन तो आईची बॅग भरू लागला.

मी आपली तिची समजूत घालायला गेले, की भांडी तरी वाचली.

"फिकी निघाली असती तर पुन्हा भाजली असती, ताई," ती म्हणाली. "आता कुठे भाजू?"