बादली सोसायटीचा राजीनामा

दुष्काळाच्या साली बीडच्या आमच्या वसतिगृहात टँकर तीन दिवसांनी यायचा आणि पाण्यावरून हाणामारी व्हायची. म्हणून पाणी नंबरानं वाटून घ्यायला आम्ही पोरांनी बादली सोसायटी काढली. बहुतेकांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, आम्ही सहकारी कारखान्यांच्या गप्पा ऐकत वाढलेलो. त्यामुळे चेअरमन, संचालक, ठराव, सगळं रीतसर. चेअरमन मी. माझ्या आरडाओरड्याशिवाय एकही ठराव मंजूर झाला नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

माझा खोलीतला जोडीदार एम.एस्सी.ला होता. त्याच्या निळ्या, झाकणाच्या बादलीला तो कुलूप लावायचा. महिनाभर तो नीट जेवेना, बोलेना. अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणत मी त्याच्या वाटच्या भाकरीही खाल्ल्या. मग एका सकाळी त्यानं सोसायटीचा लेखी राजीनामा दिला आणि बादली, कुलूप, किल्ली माझ्यापुढं ठेवली.

"तुला ऱ्हाऊ दे. मला आता लागत न्हाई."

मी हरखलो. सांगायला लाज वाटते, पण हरखलो. दोन बादल्या मिरवत टँकरच्या रांगेत उभा राहिलो. अगदी नंबर आला तेव्हा डोक्यात आलं, की पाणी लागत नाही असा माणूस कोण असतो? नंबर सोडून रिकाम्या बादल्यांसकट पळत सुटलो.

तो भिंतीकडं बघत बसला होता. मला गोड बोलता येत नाही. सरळ विचारलं, "जीव द्यायचा इचार हाय का तुझा?"

तो "हाय" म्हणाला आणि रडायला लागला. दोनदा नापास झाला होता, घरी सांगितलं नव्हतं. मी गप्प बसून ऐकलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

मग तिथंच दोघांची तातडीची सभा घेतली. राजीनामा नामंजूर.

"दोघांत सभा व्हते का बे?" तो नाक पुसत म्हणाला.

"चेअरमन मी हाय."

त्याच दिवशी सायकलवर डबलसीट बसवून सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं. वाटेत त्याला लघवीलाही एकटं सोडलं नाही, त्यावरून भांडलो. पुढं गोळ्या, दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलणं, घरच्यांना सांगणं, सगळं हळूहळू झालं. बादली मात्र मीच वापरत होतो.

काही महिन्यांनी एका सकाळी टँकरचा हॉर्न वाजला आणि तो रांगेत येऊन माझ्यावर खेकसला, "माझी बादली दे बे, चोरा!"

चोर म्हणवून घ्यायला इतकं बरं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.