पहिल्या तासाचा सौदा

आठवीच्या गणिताला पहिला तास मिळावा म्हणून मी सहा वर्षं भांडलो. आमची शाळा खेडपासून बरीच आत, आठवीपर्यंतची. गणित कायम खिचडीनंतर. पोटं भरलेली, डोक्यावरचा पत्रा तापलेला आणि फळ्यावर मी अवयव पाडतोय. अर्धा वर्ग डोळे उघडे ठेवून झोपायचा. पहिला तास हिंदीचा होता, कारण हिंदीच्या बाई माझ्या आधी शाळेत लागल्या होत्या. दुसरं काही कारण मला कधी कुणी सांगितलं नाही.

मला आयुष्यात काही फुकट मिळालेलं नाही. आई चिरेखाणीवर दगड वाहायची. मी सात किलोमीटर चालत शाळेत जायचो. डी.एड. झालो, नोकरीला लागलो, ते कुणाच्याही चिठ्ठीशिवाय. मागून मिळत नसेल तर बदल्यात काय देता येईल ते बघायचं, हे मला लवकर कळलं. मासळी बाजारात बांगड्यांच्या वाट्यावर दोन जास्त पडल्याशिवाय मी अजूनही पिशवी उघडत नाही.

त्या जूनमध्ये मतदार यादीचं काम बाईंवर आलं. घरोघर फिरायचं, चढउतारांच्या वाड्या, त्यात बाईंचे गुडघे गेलेले. मी संधी साधली.

"बाई, यादी मी घेतो. आठवीचा पहिला तास मला द्या."

"आठवीचा? नक्की हवाय?"

"नक्की."

"मग परत मागायचा नाही हां, सर."

"मी शब्द फिरवणारा माणूस नाही."

बाई हसल्या. मुख्याध्यापकांनी तिथल्या तिथे वेळापत्रकात खाडाखोड केली. मी घरी जाताना शीळ घालत गेलो.

पहिल्याच आठवड्यात कटकट सुरू झाली. वरच्या वाडीची पाच मुलं रोज तास अर्धा झाला की दारात. मी फळ्याकडे तोंड करून सिद्धता लिहीत असायचो आणि मागून "सर, आत येऊ?" माझं डोकं फिरायचं. मी त्यांना पाच मिनिटं दारातच उभं करायचो.

त्या पाचांत एक मुलगी होती. सातवीत ती माझ्या आधी उत्तर काढायची आणि फळ्यावरची चूक बोट वर करून दाखवायची. शिष्यवृत्तीच्या यादीत आमच्या शाळेचं नाव कधीच लागलं नव्हतं. ते तिच्यामुळे लागणार, हे मी मनात पक्कं केलं होतं. म्हणून तिच्यावर जास्त ओरडायचो.

"सर, गाडी..." ती एकदा म्हणाली.

"गाडीचं मला सांगू नकोस! मी चालत यायचो. एक दिवस उशीर केला नाही. आधीची गाडी पकड."

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं. ती बाकावर जाऊन बसली. त्यानंतर गाडीचं नाव कुणीच काढलं नाही.

सहामाहीत ती जेमतेम पास झाली. मी तिची वही मागवली. अक्षर स्वच्छ, समास आखलेला. पण भूमितीच्या कुठल्याही पानावर पक्ष नाही, साध्य नाही. म्हणजे काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय, तेच नाही. प्रत्येक पान 'म्हणून' या शब्दाने सुरू होत होतं. म्हणून हे दोन कोन समान. म्हणून या रेषा समांतर. कशावरून, त्याचा पत्ता नाही.

"वरचं कुठाय?"

"आमी येतो तवा तुमी पुसलेलं असतं, सर."

खरं होतं. फळा लहान. जागा हवी म्हणून मी वरचं पुसून पुढे लिहायचो.

"गाडी येते किती वाजता?"

"अकराला. कदी सव्वा अकराला. सकाळची फेरी मार्चपासून बंद हाय."

मार्चपासून. म्हणजे गेल्या वर्षीच्या आठवीतही बाईंच्या तासाला महिनाभर वरच्या वाडीचे बाक असेच रिकामे होते. मी शिक्षकखोलीत गेलो आणि खडूचा डबा टेबलावर आपटला.

"तुम्हाला माहीत होतं!"

"होतं की," बाई म्हणाल्या. "मी 'नक्की का' म्हणून विचारलं. सौद्यात समोरच्याचा तोटा आपण सांगायचा असतो का, सर? तुम्ही कधी सांगितलात?"

मी तास परत मागितला. बदल्यात द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, यादी पूर्ण झाली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मागणी तुमचीच होती. आता पुढच्या जूनला बघू." बाईंशी मी अजून बोलत नाही. पाच पोरांचं वर्ष वाया जाताना दिसत असूनही त्या गप्प राहिल्या, हे मी विसरणार नाही. मुलांना उशीर का होतो ते मी विचारलं नाही, हे बाई सगळ्यांना सांगत असतात.

मग मी मधल्या सुट्टीत त्या मुलीला पहिल्यापासून शिकवायला बसलो. चार दिवस ती आली. पाचव्या दिवशी वही न घेता आली.

"सर, शिष्यवृत्तीतून माजं नाव काडा."

"घरचे नको म्हणाले?"

"नाय. बाबा मुंबईला, त्यांना ठावक पन नाय."

"मग?"

"तुमी पयल्यापासून सांगता तरी वाटतं, याच्या आदी कायतरी सुटलंय. मंग पुडचं दिसतच नाय."

"मी आहे ना समजवायला."

"तुमी वरडता, सर." तक्रार म्हणून नाही, पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाली.

नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, गाडी लिहा, वेळापत्रक लिहा. त्यांनी चष्मा काढला.

"लिहितो. पण वेळापत्रक का बदललं, कुणी बदलून घेतलं, तेही विचारतील. तुमचं नाव तज्ज्ञ मार्गदर्शकासाठी जिल्ह्याला गेलंय. विचार करा."

तालुक्यातल्या शिक्षकांना गणित कसं शिकवावं ते शिकवायचं, हे माझं जुनं स्वप्न. त्यासाठी मी किती प्रशिक्षणं केली, किती पाठ घेऊन दाखवले. मी फार वेळ विचार केला असं म्हणणार नाही. त्यांनी कागद पुढे सरकवला. 'विद्यार्थिनीची इच्छा नाही' असं मी माझ्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली.

माझी निवड झाली त्या दिवशी मुख्याध्यापकांनी शाळेत पेढे वाटले. आठवीच्या वर्गात ती तिसऱ्या बाकावर होती. पेढा घेतला, उभी राहिली आणि म्हणाली, "अभिनंदन, सर."