बाभळीला बांधलेली पोरं

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावजवळच्या खडीच्या कामावर मी मुकादम होतो. तिथे मजूर बायांची मुलं एक म्हातारी सांभाळायची. पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून झोळ्या हलवायची.

"तान्हं ठेवलं तिथं ऱ्हातं, मुकादम. चालतं पोर लई वंगाळ," म्हणायची आणि चालत्या पोरांचे पाय मऊ चिंधीने बाभळीला बांधायची.

साहेब येणार, म्हणून मी दटावलं, "जनावरं आहेत का ही? सोड."

तिने सोडली. दुपारी एक पोर दगडखाणीत पडून दगावलं. म्हातारीचा डोळा लागला, असं मी साहेबांना सांगितलं. तो लागला नव्हता.

तिला कामावरून काढल्यावर, जाण्याआधी, तिने उरलेल्या पोरांचे पाय पुन्हा बांधले. या वेळी मी अडवलं नाही.