सहा, दोन आणि दहा

अक्का, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, रावेरहून कायमची आमच्याकडे पहूरला आली तेव्हा तिचं वजन सदतीस किलो होतं, तोंडात फोड आणि अंगात ताप. तिचा नवरा केळीचा ट्रक घेऊन दिल्लीपर्यंत जायचा. तो वर्षभर आजारी राहून गेला. मग अक्काचंही रक्त तपासलं. एचआयव्ही आहे असं कळल्यावर सासरच्यांनी तिची पेटी भरून तिला एसटीत बसवून दिलं. ह्यांनी स्टँडवरून ती पेटी खांद्यावर घरी आणली. ह्यांची शाळेत नोकरी, घर दोन खोल्यांचं, तिसरीसाठी थोडे पैसे साठवलेले, पदरात दोन लहान मुली. अठ्ठ्याण्णव साल असेल.

मी तिला घरात घेतलं, पण मनातून पार घाबरले होते. तिचं ताट आणि तांब्या वेगळा केला. जेवण झालं की ती स्वतःच ते घासून कोपऱ्यातल्या फळीवर पालथं घालायची. मुली तिच्याजवळ जाऊन बसल्या की मी काहीतरी काम काढून त्यांना हाक मारायची. ते तिला कळत होतं, हे मलाही कळत होतं.

जळगावच्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी नीट समजावून सांगितलं, की एकत्र जेवल्यानं, एका घरात राहिल्यानं हा आजार होत नाही. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. मग ते म्हणाले, आता तीन औषधं एकत्र देता येतात. एकटं औषध दिलं तर हा विषाणू त्याला सरावतो, तिन्ही मिळून दिली तर दबून राहतो. आजार मुळापासून जाणार नाही, पण माणूस उभं राहतं. औषधं मुंबईहून मागवावी लागणार होती आणि फार महाग होती. परतीच्या बसमध्ये ह्यांनी हळूच सांगितलं, "तिसरी खोली आता नको बांधायला." मी नाही म्हटलं नाही, एवढंच त्या दिवसाबद्दल मला सांगता येईल.

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा अशा वेळा ठरल्या. त्यातलं एक औषध रिकाम्या पोटीच घ्यायचं, दोन तास आधी आणि एक तास नंतर जेवायचं नाही, वर भरपूर पाणी प्यायचं. पहिले काही आठवडे वाईट गेले. अक्काला सारखं मळमळायचं, भाकरीचा वास सहन व्हायचा नाही. एकदा गोळ्या हातात धरून ती म्हणाली, "भावाच्या पोरींच्या तोंडचं काढून मी जगू का?" ह्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला आणि ती गिळेपर्यंत समोर बसून राहिले.

त्याच उन्हाळ्यात गल्लीत लग्न होतं. मी आग्रह करून अक्काला नेलं. दीडला पंगत बसली आणि अक्का मांडवाच्या कडेलाच उभी राहिली. शेजारची एक बाई मोठ्यानं म्हणाली, "हिला लोकांत जेवायचं नाही का?" सगळ्यांच्या माना वळल्या. अक्कानं पदर ओढून घेतला. मला काय वाटलं कोण जाणे, मी पाटावरून उठले. म्हटलं, "तिची दोनला औषधाची वेळ आहे. आम्ही दोघी घरी जेवू."

तीन वाजता घरी मी एकच ताट वाढलं. पहिला घास मोडून माझा हात ताटावरच थांबला. अक्कानं तो पाहिला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "मला वाईट नाही वाटणार."

"मला भूक लागलीय, अक्का," मी म्हटलं आणि घास तोंडात घातला.

त्यानंतर दुपारी तीनला आम्ही दोघी बरोबरच जेवू लागलो. तिच्या तोंडातले फोड गेले, ताप यायचा थांबला. दिवाळीला ती शेहेचाळीस किलोची झाली आणि माझ्या शिवणयंत्रावर मुलींचे परकर शिवायला बसली. हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या शेतावर वांगी भाजली तेव्हा भरताबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी तिनं खाल्ल्या. हे विहिरीकडे तोंड करून बराच वेळ उभे होते.

पुढे ती औषधं आणायला एकटी जळगावला जाऊ लागली. एकदा परतायला उशीर झाला. मी काळजीत दारात उभी होते. आल्यावर तिनं सांगितलं, की एका ड्रायव्हरची तरुण बायको दवाखान्यात रडत बसली होती. डॉक्टरांनी अक्काला तिच्याजवळ बसवलं.

"काय बोललीस तिच्याशी?" मी विचारलं.

"सकाळी सहाला उठता येतं का, विचारलं," अक्का चपला काढत म्हणाली. "हो म्हणाली. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर थांबणार आहे."