वर्कीचा पाप्पा

केरळातल्या वेल्लारकुन्नात नाताळच्या आठवड्यात कुणी नुसतं ‘वर्की’ म्हटलं तरी बायकांना हसू फुटायचं. वर्की दिसायला सुमार. बोलणं तिरसट. पण कॅरलच्या दिवसांत लाल झगा चढवला, पोटाला उशी बांधली, तोंडावर पाप्पाचा, म्हणजे सांताक्लॉजचा, मुखवटा घातला, की हाच माणूस भिंगरीसारखा नाचायचा. असं गाव म्हणायचं.

नाचायची त्याची बायको, एलिकुट्टी.

हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

आधी निवडलं होतं वर्कीलाच. ताडीच्या दुकानात बढाई मारून त्यानं ते अंगावर ओढवून घेतलं. पहिल्याच घरी तो दुसऱ्या गिरकीत पायरीवरून घसरला आणि लंगडत घरी आला. दुसऱ्या दिवशी अंधार पडायला लागला, तसा पुलाकडून ड्रम ऐकू आला. घरोघर कॅरल गात फिरणारी मंडळी पाप्पाची वाट बघत होती. पाप्पा गेला नाही तर पलीकडच्या वॉर्डातले लोक वर्षभर टोमणे मारणार. आणि वर्की घोट्याला हळद लावून खाटेवर विव्हळत होता.

“तूच जा, एली,” तो म्हणाला. थट्टेनं म्हणाला.

एलिकुट्टीनं झगा उचलला. उंचीला ती नवऱ्यापेक्षा बोटभर जास्तच. शाळेत मार्गंकळी नाचाच्या चमूत ती पुढे नाचायची. लग्नानंतर पाय थिरकायला निमित्तच उरलं नव्हतं. पाप्पा घरून मुखवटा चढवूनच निघतो, मंडळींना पुलावर भेटतो, तिथूनच परत फिरतो. मुखवटा उतरवायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. हा पाप्पाचा धर्म. त्यानं तिला तारलं. काल लंगडत गेलेला माणूस आज असा नाचतो हे पाहून दोघा-तिघांनी संत अंतोणीपुढे मेणबत्त्यासुद्धा लावल्या.

पुढच्या वर्षी घोटा ठणठणीत होता. तरी वर्कीनं उशी तिच्याच पोटाला बांधली. त्याला कौतुकाची चटक लागली होती. तिला नाचाची.

तेव्हापासून दर नाताळात तेच. घरातल्या लोकांना फसवणं सोपं होतं. सासू आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. तिला वाटे, सून मुलीला घेऊन कॅरल बघायला गेली. मुलगी जिन्सी टॉर्च घेऊन कॅरलच्या मागे पळायची. तिला वाटे, आई आजीजवळ आहे. आणि वर्की रबराच्या शीट वाळवायच्या धूरखोलीत दडून बसायचा. आला-गेला कुणी बघू नये म्हणून.

दुसरे पाप्पे अंगणात, पुरुषांसमोर नाचायचे. हा पाप्पा घराला वळसा घालून मागे जायचा. स्वयंपाकघराच्या दाराशी बायका उभ्या असायच्या, हात पिठाचे, कडेवर पोर. पाप्पा त्यांच्यापुढे नाचायचा. उशीचं पोट हलवत उकिडवा बसायचा आणि ड्रमच्या एकेका ठोक्याला थोडा थोडा उठायचा. बायका हसून हसून दाराला टेकायच्या. “वर्कीला बायकांचं मन कळतं हो,” असं त्या म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी एलिकुट्टीकडे हेव्यानं बघायच्या.

एका वर्षी मंडळी तिच्याच घरी आली. जिन्सीसकट सगळ्यांना अंगणात ठेवून पाप्पा एकटाच सासूच्या खोलीत शिरला, खाटेभोवती नाचला, सासूच्या पायाशी बसून त्यानं पोट हलवलं. म्हातारी बोळक्या तोंडानं खदखदून हसली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एलिकुट्टीनं त्या बाईला हसताना पाहिलं नव्हतं. म्हातारीनं पाप्पाचा हातमोज्यातला हात धरला. “माझा वर्की!”

सकाळी कांजी भरवताना ती सुनेला म्हणाली, “तू बघायला हवं होतंस. पण तू नेमकी बाहेर कॅरल बघत हिंडत होतीस!”

“हो ना,” एलिकुट्टी म्हणाली. वाटीतली कांजी तिनं खरवडून भरवली.

मग वर्कीच्या हृदयात नळी बसवली. डॉक्टरांनी धावपळ बंद केली. रविवारी चर्चमध्ये धर्मगुरू अच्चननी वर्कीच्या पाप्पाचे जाहीर आभार मानले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, वर्की डोळे पुसत उभा राहिला. एलिकुट्टी बायकांच्या बाजूला बसली होती. तिचे पाय धडधाकट होते. नवऱ्याच्या हृदयाबरोबर तेही निवृत्त झाले.

त्यानंतरच्या नाताळांत, सासू गेल्यावरसुद्धा, कॅरलचा ड्रम लांबून ऐकू आला, की ती काहीतरी कुटायला घ्यायची.

यंदा जिन्सी, जावई टोजो आणि नात निया कुवेतहून आली. नाताळची प्रार्थना झाली, बदकाचं मटण झालं, केक वाटून झाला. दुसऱ्या दिवशी टोजोनं सगळ्यांना गाडीत घातलं आणि कोचीला नेलं. समुद्राकाठी हॉटेल, रात्री ब्रॉडवे बाजारातली गर्दी, प्रत्येक खिडकीत कागदी तारे. सकाळी वर्कीनं हॉटेलच्या अप्पमला नावं ठेवली आणि चार खाल्ले. मग सगळे शहराबाहेरच्या टेकडीवरच्या मोठ्या वॉटर पार्कात गेले.

तिथं एलिकुट्टीला नेहमीचं काम मिळालं. पिशव्या सांभाळणं. लाटांच्या तळ्याजवळच्या झाडाखाली तिच्यासारख्या वीसेक बायका बसल्या होत्या. मांडीवर टॉवेल, भोवती चपलांचे ढीग. वर पाळणे गरगरत होते, माणसं किंचाळत होती. बायका आपापली पोरं आवाजावरून ओळखत होत्या.

“त्या पिवळ्या पाळण्यात ओरडतोय ना, तो माझा नवरा,” शेजारची म्हणाली. “घरी पाल दिसली तरी असाच ओरडतो.”

दुपारी कर्ण्यावरून पुकारा झाला. थोड्याच वेळात पाप्पांच्या नाचाची स्पर्धा, कपडे इथंच मिळतील, बक्षीस प्रेक्षक ठरवतील. टोजो ओल्या अंगानं धावत आला.

“चाचन, चला. तुमचं नाव दिलंय.”

वर्कीच्या हातातली आइस्क्रीमची काडी खाली पडली. “माझं हृदय...”

“डॉक्टरांना फोन केला. दोन मिनिटं बेताबेतानं नाचू दे म्हणाले.”

“अरे, पण किती वर्षं झाली!”

“अप्पच्चा,” निया म्हणाली, “मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय. माझे आजोबा जगातले सगळ्यात भारी पाप्पा आहेत म्हणून. मी व्हिडिओ पाठवणार आहे.”

वर्कीनं बायकोकडे पाहिलं. एलिकुट्टीनं टॉवेलची घडी घातली. टोजोनं सासऱ्याला जवळजवळ उचलूनच नेलं.

थोड्या वेळानं कपडे बदलायच्या तंबूतून हाक आली. “एली! माझी गोळी घेऊन ये!”

गोळी वर्कीच्या खिशातच असते. एलिकुट्टी उठली. पाय आधीच चालायला लागले होते. पूर्वीसारखंच. त्यानं उशी बांधायची, तिनं जायचं, त्यानं तंबूत दडायचं.

आत वर्की बनियनवर उभा होता. हातात लाल झगा. तोंड उतरलेलं.

“एली, मुखवटाच नाहीये.”

“म्हणजे?”

“ही दाढी. रबर लावलेली. बस्स. शहरातले पाप्पे तोंड उघडं ठेवूनच नाचतात म्हणे.”

तिनं दाढी हातात घेतली, लावून पाहिली. आरशात तिचे डोळे, तिचे कानातले, तिचा अंबाडा. मधे कापूस.

“बोकड दिसतेय,” वर्की म्हणाला.

“बोकडच,” ती म्हणाली आणि दाढी काढली.

बाहेर बँड वाजायला लागला. कुणीतरी नाचत होतं, लोक शिट्या मारत होते.

“ऐक,” वर्की कुजबुजला. “मी सांगतो, छातीत दुखतंय. हृदयाचा पेशंट, कुणी काही बोलणार नाही. निया जरा रडेल. केक दिला की गप्प बसेल.”

वाट सोपी होती. कुणालाच काही कळलं नसतं. एलिकुट्टी झग्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिला एकच प्रश्न पडलेला होता आणि तो कुणाला विचारायची सोय नव्हती. तो नाच तिचा होता, की त्या मुखवट्याचा? तोंड झाकलेलं असलं की कोणीही धीट होतं. उघड्या तोंडानं ती चर्चमध्ये मोठ्यानं खोकलीसुद्धा नव्हती.

“उशी बांध,” ती म्हणाली.

“वेडी झालीस? जिन्सी बघेल. जावई बघेल!”

“बघू देत.”

“आणि मी? माझं काय राहील, एली? सगळं गाव मला...”

“तुमचं काय राहील ते तुम्ही बघा, इच्चाया. इतकी वर्षं मी माझं बघितलं.”

बाहेर एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू झालं. मग वर्कीनं उशी उचलली. तिच्या पाठीमागे जाऊन नाडी घट्ट ओढली. दोनदा गाठ मारली. नेहमीप्रमाणे म्हणाला, “श्वास घेता येतोय ना?”

“येतोय.”

“मी कधी पाहिलंच नाही गं तुला नाचताना.”

एलिकुट्टीनं वळून पाहिलं. हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. गावातल्या कुत्र्यामांजरांनीसुद्धा पाहिलं होतं. हा तेवढा राहिला होता.

“वेल्लारकुन्नचे प्रसिद्ध पाप्पा, वर्कीच्चन!” माइकवरचा पोरगा ओरडला.

पडदा सरला. लाल झगा, मोठं पोट, अंबाडा, कानात सोन्याची फुलं. लोकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग हसले.

“अम्मच्ची,” पोरगा म्हणाला, “पाप्पा कुठायत?”

“मीच,” एलिकुट्टी म्हणाली.

पाप्पाच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द.

बँड सुरू झाला आणि तिचे पाय जागीच रुतले. मुखवट्यावर एकच हसू होतं, कायमचं रंगवलेलं. आता चेहरा स्वतःच सांभाळायचा होता. तिला तो जमेना. समोर जिन्सी तोंडावर हात धरून उभी होती. टोजोचा फोन हातातच राहिला होता. मागून कुणीतरी ओरडलं, “अम्मच्ची, घरी जा, भात करपेल!”

हशा झाला.

एलिकुट्टीनं त्या दिशेनं पाहिलं. हशाच्याही पलीकडे, झाडाखाली, पिशव्यांजवळ त्या वीस बायका माना उंचावून बघत होत्या. त्यांना तिथून उठता येत नव्हतं. चपला कोण सांभाळणार?

ती मंचाच्या पायऱ्या उतरली. माइकवाला पोरगा “इकडे, इकडे” करत राहिला. गर्दीतून वाट काढत ती झाडाखाली गेली आणि त्या बायकांपुढे उकिडवी बसली. बँडच्या पोरांना कळलं. त्यांनी ठोका संथ केला. पहिल्या ठोक्याला पोट हललं. दुसऱ्याला खांदा. तिसऱ्याला ती चार बोटं वर उठली आणि भुवई उडवली. मुखवट्याला भुवया कधी उडवता आल्या नव्हत्या. शेजारची बाई टॉवेलात तोंड खुपसून हसायला लागली. मग दुसरी. मग सगळ्याच.

मग एलिकुट्टी सुटली. गिरकी, गिरकी, उशी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. सगळी गर्दी मंचाकडे पाठ करून वळली. लाटांच्या तळ्यातली माणसं कमरेइतक्या पाण्यात थांबली. तिचा चेहरा लाल झाला होता, घाम टपकत होता, आणि ती हसत होती. स्वतःच्या तोंडानं.

बक्षिसासाठी हात वर करायची वेळच आली नाही. भाताची आठवण करून देणाराच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता.

बक्षीस म्हणजे माणसाएवढं कापसाचं अस्वल. ते घेऊन ती झाडाखाली परतली तेव्हा जिन्सी रडत होती. हसतही होती.

“स्वयंपाकघराचं दार... अम्मा, ती तू होतीस?”

“हो.”

“मी टॉर्च घेऊन तुझ्यामागे पळायचे. आणि घरी येऊन तुलाच सांगत बसायचे! पाप्पा असा नाचला, पाप्पा तसा नाचला!”

“आणि मी दरवर्षी नव्यानं ऐकायचे.”

“मग आता वर्गात काय सांगू?” निया म्हणाली. ती जरा गोंधळली होती.

“आजी म्हणून सांग,” टोजो म्हणाला. “व्हिडिओ आहे माझ्याकडे. अर्धा माझ्या अंगठ्याचा आहे, पण आहे.”

वर्की मागे उभा होता. अजून बनियनवरच. कुणाला तोंड दाखवावं ते त्याला समजत नव्हतं. शेवटी तो बायकोपाशी आला.

“असं करायचीस तू?”

“असंच.”

“आणि मी तिकडे धुरात बसायचो,” वर्की म्हणाला. “गाढव मी.”

एलिकुट्टीनं ते नाकारलं नाही.

संध्याकाळी सगळे फोर्ट कोचीच्या बोटीत बसले. अस्वलाला खिडकीची जागा मिळाली. मग वर्कीनं खिशातून फोन काढला आणि कॅरलचा ड्रम वाजवणाऱ्या तंकच्चनला लावला. बोटीच्या आवाजामुळे तो ओरडूनच बोलत होता. सगळी बोट ऐकत होती.

“तंकच्चा, पुढच्या नाताळाला पाप्पा परत येतोय.”

“वर्कीचेट्टा, तुमचं हृदय?”

“हृदय माझंच आहे, ते राहू दे घरी. पाय माझे नव्हतेच कधी.”

“मग कुणाचे?”

वर्कीनं घसा साफ केला. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानंही कान पुढे केला.

“एलीचे,” वर्की म्हणाला. “पहिल्या रात्री मी घसरलो ना, त्यानंतर सगळी वर्षं. जा, सांग सगळ्यांना. अच्चननाही सांग. थांब, तिच्याशीच बोल.”

एलिकुट्टीनं फोन कानाला लावला.

“चेची?” तंकच्चन म्हणाला. “खरंच?”

“खरंच. आणि तंकच्चा, ऐक. तिसऱ्या गिरकीला तू दरवर्षी मागे पडतोस. मला ओढत न्यावं लागायचं तुला. पुढच्या वेळी नीट वाजव.”