चार बोटं ढील

...आणि हे पण लिही, गाळू नकोस, की तुझी आत्या, म्हणजे माझी लेक, लहानपणापासून हट्टी. केसांचा गुंता सुटेपर्यंत जेवायला उठायची नाही. त्याच हातांना पुढं तारांचं काम मिळालं.

आता वाचणाऱ्याला कळू दे, काम काय ते. तार येते एका देशातून, प्लग दुसऱ्यातून, चिकटपट्टी तिसऱ्यातूनच. कारखान्यात मोठ्या फळीवर खिळे ठोकलेत, कुठं ठोकायचे ते परदेशातली मोटार कंपनी ठरवते. बायका त्या खिळ्यांमधून तारा फिरवतात, पट्टी गुंडाळतात, झाली जुडी. ती समुद्रापार जाऊन मोटारीच्या दारात बसते. बारा वर्षं जुड्या बांधल्या, पण ते दार ना माझ्या लेकीनं पाहिलं, ना मालकानं.

एकदा कंपनीकडून खोकीच्या खोकी परत आली. दार उघडलं की तार तुटते म्हणे. आठ दिवसांत नीट नमुना पाठवा, नाहीतर काम दुसऱ्या देशात. म्हणजे चाळीस बायका घरी.

झालं काय, तर कंपनीनं पाठवलेल्या जुडीच्या नकाशात एका जागी तार लोंबती ठेवायची होती. आमच्या बायकांना ते गबाळं वाटलं. वेणी कधी ढिली घालतात का? ओढून घट्ट केली, वर पट्टी. चांगलं करायला गेल्या नि बिघडवून बसल्या!

मालक तापला. आत्या म्हणाली, "चूक आमची. पण दार दाखवा, मग बांधते."

"दार कुठून आणू? तुझ्या माहेराहून?"

"माहेराहूनच आणते," म्हणाली, आणि मला घेऊन भंगारवाल्याकडे.

नकाशातल्या मापाचं एका मोडक्या मोटारीचं दार, बिजागरीच्या खांबासकट काढून घेतलं. भंगारवाला हसला, "आजी, नुसतं दार? गाडी कधी घेणार?"

म्हटलं, "टप्प्याटप्प्यानं."

ती हातगाडी ओढतेय, मी मागून ढकलतेय. दार कारखान्यात उभं केलं. दिवसभर उघड, मीट. तीन बोटं ढील ठेवली तर तारेला ताण बसतो, पाच ठेवली तर दारात चिमटते. चार बोटं बरोब्बर. मग तिनं फळीवर एक वाकडा खिळा ठोकला, म्हणजे तेवढी ढील राहणारच, कुणी ओढायचं म्हटलं तरी.

नमुना पसंत पडला. वर पत्र, "तो खिळा कुठं ठोकलाय, कळवा."

मालक लगेच लिहायला बसला. आत्यानं कागदावर हात ठेवला. "असं नाही. यापुढं नवीन दार काढाल त्याची अख्खी फळी आम्हीच आखू, असं लिहा. मग सांगू."

"अगं, ते चिडले तर?"

"तारा तुटून झाल्यात. आता काय तुटणार?"

महिना गेला, उत्तर आलं. एका नव्या दाराची फळी आमच्याकडे दिली. एकाच, पण दिली! आता ती फळी नकाशा काढण्यापासून इथंच होते, आणि भंगारातलं दार अजून तिच्या शेजारी उभं असतं.

आता शेवटचं लिही. ज्याच्या हाती हा कागद पडेल, त्यानं तिकडं दारात जुडी बसवणाऱ्या बाईपर्यंत एवढं पोचवावं: बाई, दार एकदा पुरतं उघडून बघ. कुठं अडलं तर आमच्या पोरीला कळव. मालकाला नको, तो उगाच घाबरतो.